शहराला मत असते काय?

मी बेंगळूरुत राहतो. या शहराच्या महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर निवडणूक झाली नाही; प्रशासक आला आणि कारभार त्याच्या सहीने चालू राहिला. मार्च २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने शहराच्या रचनेविषयी नवा कायदा संमत केला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. हा निर्णय बरा की वाईट, याविषयी मला मत आहे. परंतु आजचा विषय तो नाही. मला खटकलेली गोष्ट निराळी आहे. १९८ प्रभागांचे ते शहर अखंड ठेवावे की त्याचे पाच भाग करावेत, हा प्रश्न विधिमंडळात चर्चिला जात असताना शहरात एकही निवडून आलेला नगरसेवक पदावर नव्हता. घराची वाटणी झाली आणि घरातल्या कोणाला बोलावलेही नाही.

यावर एक उत्तर तयार असते. शहराचे आमदार विधानसभेत बसलेले होतेच की! त्यांनी मत दिले, म्हणजे शहराने मत दिले. हे उत्तर मला पटत नाही. आमदार हा राज्याच्या कायदेमंडळाचा सदस्य असतो. विधेयकावर तो पक्षाच्या आदेशानुसार मत देतो आणि मत दिल्यानंतर त्याचे काम संपते. महापालिकेचे काम त्यानंतर सुरू होते. कायद्याने टाकलेला भार उचलायचा असतो तो तिनेच. तिजोरी तिची, कर्मचारी तिचे, आणि नागरिकांचा रोषही तिच्याच वाट्याचा. ज्या संस्थेने कायदा राबवायचा तिला त्या कायद्याविषयी काय वाटते, हे आमदारांच्या मतांवरून कळत नाही. ते तिलाच विचारावे लागते.

एका सभागृहातील संध्याकाळ

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त कॅलिफोर्नियातील एका मध्यम आकाराच्या शहरात काही आठवडे माझा मुक्काम होता. एका संध्याकाळी केवळ कुतूहलापोटी मी तेथील नगर परिषदेच्या बैठकीस जाऊन बसलो. कार्यक्रमपत्रिकेवर रस्त्यांच्या दुरुस्तीचे आणि एका उद्यानाचे विषय होते. त्यांच्यानंतर एक विषय असा होता, जो मला आपल्याकडच्या कोणत्याही सभेत आढळला नव्हता. राज्यव्यापी मतदानासाठी ठेवलेल्या एका प्रस्तावाला परिषदेने पाठिंबा द्यावा, विरोध करावा की तटस्थ राहावे, हा तो विषय. कॅलिफोर्नियात १९११ पासून नागरिकांना सह्या गोळा करून एखादा कायदा थेट मतपत्रिकेवर आणता येतो. अशा प्रस्तावावर मतदान प्रत्येक मतदाराने करायचे असते. परंतु त्याआधी नगर परिषद आपली भूमिका ठरावाद्वारे जाहीर करू शकते.

प्रथम प्रशासनाने एक छोटा अहवाल वाचून दाखवला. प्रस्ताव मंजूर झाल्यास शहराच्या उत्पन्नावर आणि सेवांवर कोणते परिणाम संभवतात, इतकेच त्यात होते. मग नागरिक बोलले, प्रत्येकी दोन मिनिटे. एका वृद्ध गृहस्थांनी परिषदेला बजावले की, तुम्हाला आम्ही गटारे आणि दिवे पाहण्यासाठी निवडून दिले आहे, आम्ही मत कसे द्यावे हे शिकवण्यासाठी नव्हे. त्यांच्यानंतर आलेल्या शिक्षिकेने सांगितले की, हा प्रस्ताव मंजूर झाला तर ग्रंथालयाचे तास कमी होतील, आणि ही गोष्ट परिषदेने आम्हाला सांगायची नाही तर कोणी सांगायची? शेवटी हात वर झाले : तीन विरुद्ध दोन. विरोधात मत देणाऱ्या दोघांची कारणे इतिवृत्तात नोंदवली गेली. या साऱ्याला चाळीस मिनिटे लागली असतील. बाहेर पडताना मला त्या शिक्षिकेचे म्हणणे जितके पटले होते तितकेच त्या वृद्धांचेही पटले होते. या विषयाचे मर्म त्या दोघांच्या मधोमध कोठेतरी आहे, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

अशा प्रस्तावांशी शहरांचा संबंध किती निकटचा असतो, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. जून १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ मंजूर केले. त्याने मालमत्ता कर निर्धारित मूल्याच्या एक टक्क्यावर बांधून टाकला आणि ते मूल्य वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्के वाढेल, अशी मर्यादा घातली. मतदारांनी एका दिवसात राज्यातील प्रत्येक शहराचे अंदाजपत्रक बदलून टाकले. घरमालकांना दिलासा मिळाला, हे खरे. शहरांच्या उत्पन्नाचा पाया आकसला, हेही तितकेच खरे. अशा वेळी नगर परिषदेने मौन पाळावे, असे म्हणणे म्हणजे ज्याच्या घराला आग लागली आहे त्याने सोडून इतर सर्वांनी ओरडावे, असे म्हणणे होय.

तरीही त्या वृद्धांच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि तेथील कायद्याने ते मान्य केले आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सरकारी यंत्रणेला जनतेच्या पैशातून एखाद्या प्रस्तावाच्या बाजूने वा विरोधात प्रचार करता येणार नाही. करदात्यांपैकी काही त्या बाजूचे असतात आणि काही विरुद्ध बाजूचे. सर्वांच्या पैशाने एका बाजूचा प्रचार करणे हे निवडणुकीशी केलेले कपट होय. मात्र निष्पक्ष माहिती देण्यास मज्जाव नाही, आणि जाहीर बैठकीत मत नोंदवण्यासही नाही. २००९ मध्ये सलिनास या शहराच्या खटल्यात त्याच न्यायालयाने माहिती आणि प्रचार यांच्यातील ही रेषा पुन्हा एकदा स्पष्ट केली. वॉशिंग्टन राज्याचा कायदा तर अधिक नेमका आहे : बैठकीच्या सूचनेत प्रस्तावाचे शीर्षक आणि क्रमांक असलाच पाहिजे, आणि विरुद्ध मत मांडू इच्छिणाऱ्या सदस्यांना व नागरिकांना जवळपास तितकीच संधी मिळालीच पाहिजे. परिषदेला मत असू शकते. पण ते उघड्यावर, पूर्वसूचना देऊन, दुसरी बाजू ऐकून आणि तिजोरीला हात न लावता.

आपल्याकडे काय घडते?

भारतात प्रश्नावर मतदान घेण्याची प्रथा जवळपास नाही. जानेवारी १९६७ मध्ये गोव्यात झालेला जनमत कौल हा ठळक अपवाद. महाराष्ट्रात आणखी एक अपवाद आहे आणि त्याचे मोल मला नेहमीच मोठे वाटते. गावात वा प्रभागात पुरेशा महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय ग्रामीण स्त्रियांनी सार्वमताचे तंत्र आत्मसात केले, याचा हा पुरावा आहे. परंतु हे अपवाद वगळले तर शहरांचे भवितव्य ठरवणारे निर्णय मतपत्रिकेवर येत नाहीत. ते विधेयकाच्या रूपाने वरून येतात. म्हणून आपल्या संदर्भात खरा प्रश्न असा आहे : शहराशी संबंधित विधेयकावर शहराला मत मांडता येते काय?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि बाराव्या अनुसूचीत १८ विषय नोंदवले. पण ते विषय प्रत्यक्षात सोपवायचे की नाही, हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर सोडले. त्याचा परिणाम पाहायचा तर वस्तू व सेवा कराचे उदाहरण घ्यावे. १०१ व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतील ५२ वी नोंद वगळली. ज्या नोंदीच्या आधारावर जकात उभी होती ती हीच. मुंबई महापालिकेला जकातीतून वर्षाला सात हजार कोटी रुपयांच्या आसपास उत्पन्न मिळत असे. ती घटनादुरुस्ती संसदेने केली, राज्यांच्या विधानसभांनी तिला संमती दिली आणि नव्या कराचे निर्णय घेण्यासाठी परिषद स्थापन झाली. त्या परिषदेत केंद्राला एक तृतीयांश आणि राज्यांना दोन तृतीयांश मताधिकार आहे. शहरांना शून्य. १ जुलै २०१७ रोजी जकात गेली. राज्याने भरपाईचा स्वतंत्र कायदा केला आणि पैसे दिले, हे नमूद करणे न्यायाचे आहे. पण स्वतःच्या अधिकाराने मिळणारे उत्पन्न आणि दुसऱ्याने दरमहा पाठवलेला धनादेश यांत जो फरक असतो तो कोणत्याही घरातील कर्त्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

जकात जाणे योग्य होते, असे माझेही मत आहे. नाक्यांवरच्या रांगा आणि तेथील भ्रष्टाचार यांच्यासाठी कोणी अश्रू ढाळू नयेत. मुद्दा इतकाच की, देशातील सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत बंद करणाऱ्या प्रक्रियेत त्या महापालिकेचे मत औपचारिकरीत्या विचारण्याची एकही पायरी नव्हती.

महाराष्ट्रातील वाचकांना याहून जवळचे उदाहरण ठाऊक आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडावा, असा निर्णय २०१६ मध्ये झाला. २०२० मध्ये तो फिरवण्यात आला. २०२२ मध्ये पुन्हा आणण्यात आला. प्रभागात एक सदस्य असावा की अनेक, हेही सरकार बदलले की बदलत गेले. प्रत्येक वेळी कारणे दिली गेली. पण ज्या परिषदांची रचना अशी उलटसुलट केली जात होती त्यांच्याकडून ‘आम्हाला हे मान्य आहे’ किंवा ‘मान्य नाही’ असे विधिवत ऐकून घेतले गेले नाही. दिल्लीतही निराळे घडले नाही : २०१२ मध्ये तेथील महापालिकेचे तीन तुकडे झाले, २०२२ मध्ये संसदेच्या कायद्याने ते पुन्हा जोडले गेले.

यावर कोणी म्हणेल की, सभागृहाने ठराव करण्यास कोण आडवे येते? नगरसेवक ठरावाच्या सूचना देतातच. देतात खरे, आणि त्या आयुक्तांच्या अभिप्रायासाठी जातात आणि तेथेच महिनोन्‌महिने पडून राहतात. त्यापलीकडे १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ४५१ आहेच. त्याअन्वये राज्य सरकार महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करू शकते. बेकायदा ठरावांना आळा घालण्यासाठी अशी तरतूद हवी, हे मान्य. परंतु वर्षानुवर्षे या छायेत काम केलेले सभागृह हळूहळू मत बनवण्याची सवयच हरवून बसते. मग ठराव उरतात ते नामकरणाचे, अभिनंदनाचे आणि सभा तहकुबीचे.

महाडचा ठराव

ठरावाने काय साधते, असे विचारणाऱ्यांना मी महाडची आठवण करून देतो. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला : सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालवलेली पाणवठ्यांसारखी ठिकाणे अस्पृश्यांना खुली असावीत. हा ठराव वरून आला होता; त्यावर भूमिका घेणे स्थानिक संस्थांच्या हाती होते. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये ठराव करून चवदार तळे खुले केले. तळे मात्र बंदच राहिले. तीन वर्षे तो ठराव कागदावर होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्याकडे चालत गेले आणि त्यांनी पाणी प्यायले. त्याच वर्षीच्या ४ ऑगस्टला नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला. तळ्यावरील हक्काचा अंतिम न्यायालयीन निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले.

या इतिहासातून दोन निष्कर्ष निघतात आणि ते परस्परविरोधी वाटले तरी दोन्ही खरे आहेत. एक, नुसत्या ठरावाने पाणी मिळत नाही. दोन, ठराव निरर्थक असता तर तो मागे घेण्याची गरज कोणाला भासली नसती. नगरपालिकेने एकदा लिहून ठेवलेल्या शब्दाला लोकांनी खरे मानले आणि त्या शब्दावर पाऊल टाकले; म्हणून तो शब्द पुसण्यासाठी पुन्हा सभा भरवावी लागली, हात वर करावे लागले. कोण पुढे आले आणि कोण मागे हटले, याची नोंद राहिली. सार्वजनिक संस्थेने घेतलेली भूमिका ही अशी साक्ष असते. ती कायदा नसते. पण ती नाकारायची असेल तर उघडपणे नाकारावी लागते.

शंभर वर्षांनी हाच विषय समुद्रापार एका नगर परिषदेपुढे आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटलच्या परिषदेने जातीवर आधारित भेदभावास आपल्या शहरात बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर. प्रस्ताव मांडणाऱ्या क्षमा सावंत यांचा जन्म पुण्याचा. त्याच परिषदेने फेब्रुवारी २०२० मध्ये भारताच्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याविरुद्धही ठराव केला होता. तेव्हा आपल्याकडे अनेकांनी विचारले की, सिएटलचा या कायद्याशी संबंध काय? प्रश्न रास्त आहे. माझ्या मते या दोन कृतींचे वजन सारखे नाही. पहिलीत परिषद आपल्या हद्दीतील नोकऱ्या आणि घरे यांविषयी, आपल्या अधिकारात, नियम करत होती. दुसरीत ती दूरच्या देशाच्या कायद्यावर मत देत होती. तसे मत देण्यास तिला मनाई नाही, पण ते राबवण्याची जबाबदारी तिच्यावर नसल्यामुळे त्याची किंमतही तिला मोजावी लागत नव्हती. ज्या मताची किंमत मोजावी लागत नाही ते मत स्वस्त असते, आणि स्वस्त मतांचा ढीग झाला की महागाचीही पत जाते.

आपल्या विधानसभांबाबतही हा वाद झाला आहे. केरळ विधानसभेने डिसेंबर २०१९ मध्ये त्याच कायद्याविरुद्ध ठराव केला. पंजाब, राजस्थान आणि पश्चिम बंगाल यांनी पुढच्या महिन्यात तोच मार्ग धरला. अशा ठरावांना आव्हान देणारी याचिका २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा खंडपीठाने सुनावणीत सुचवले की, हे सदस्यांचे मत आहे, त्याला कायद्याचे बळ नाही, आणि मत व्यक्त करण्याचा अधिकार त्यांना का नसावा? विधानसभेला जे लागू, ते महापालिकेला लागू का नसावे, हा माझा प्रश्न आहे.

चार पथ्ये, एक मागणी

मला स्वैर ठरावबाजी नको आहे. सत्ताधारी पक्षाने वरिष्ठांना खूश करण्यासाठी आणि विरोधकांनी त्यांना डिवचण्यासाठी ठराव करावेत, ही अवस्था मौनाहून वाईट ठरेल. म्हणून चार पथ्ये पाळावीत. पहिले, विधेयकाचा शहराच्या उत्पन्नाशी, अधिकारांशी वा सेवांशी थेट संबंध असेल तरच भूमिका घ्यावी. दुसरे, विषय आधी कार्यक्रमपत्रिकेवर छापून यावा. आयत्या वेळच्या विषयांत तो घुसडला जाऊ नये. तिसरे, प्रशासनाची निष्पक्ष टिप्पणी आणि दोन्ही बाजूंचे नागरिक यांना सभागृहात ऐकून मगच नावनिशीवार मतदान व्हावे; विरोधी मतांची कारणे नोंदवावीत. चौथे, ठरावापलीकडे प्रचारावर पालिकेचा एक रुपयाही खर्च होऊ नये.

आणि मागणी एकच. महापालिका वा नगरपालिकांच्या कायद्यात बदल करणारे प्रत्येक विधेयक सभागृहात येण्याआधी किमान ३० दिवस संबंधित संस्थांकडे पाठवावे आणि त्यांची उत्तरे विधिमंडळाच्या पटलावर ठेवावीत. उत्तर बंधनकारक नसावे. विधिमंडळाचा सार्वभौम अधिकार अबाधित राहावा. विधिमंडळाला शहराचे म्हणणे फेटाळायचे असेल तर खुशाल फेटाळावे, पण ते वाचून फेटाळावे. ही कल्पना अजिबात क्रांतिकारक नाही. केंद्र सरकारने २०१४ मध्येच विधेयकांचे मसुदे ३० दिवस जनतेसमोर ठेवण्याचे धोरण स्वीकारले आहे. ते पाळले किती जाते, हा भाग वेगळा. जे नागरिकांना कागदावर तरी मिळाले आहे ते नागरिकांच्या निवडून आलेल्या संस्थांना नाकारण्याचे कारण नाही.

अर्थात उत्तर देण्यासाठी आधी सभागृह अस्तित्वात असावे लागते. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, ही घटनेची आज्ञा आहे आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधोरेखित केली आहे. तरीही चेन्नई २०१६ पासून २०२२ पर्यंत लोकनियुक्त सभागृहाविना होती आणि मुंबई मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे. महाराष्ट्रातील २९ महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये अखेर झाल्या. या नव्या सभागृहांना माझी विनंती आहे की, राज्य सरकारच्या परवानगीची वाट न पाहता त्यांनी वरील पथ्ये आपल्या कामकाजात आणावीत आणि पुढील अधिवेशनात शहरांविषयी जे पहिले विधेयक येईल त्यावर एक विधिवत, सकारण, दोन्ही बाजू ऐकून घेतलेला ठराव करून मंत्रालयात पाठवावा. तो विखंडित झाला तरी हरकत नाही. विखंडित करण्यासाठी सरकारला कारण लिहावे लागेल. बेंगळूरुची वाटणी झाली तेव्हा असे एकही कारण कोणाला लिहावे लागले नव्हते.